कोलेस्टेरॉलचे जीन्स, गर्भपिशवीचा कॅन्सर आणि आमचं नॉर्मल सॅम्पल

एंडोमेट्रियल कॅन्सर म्हणजे गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर, आणि त्यात कोलेस्टेरॉलची ने-आण करणारे जीन्स काय करतात हा माझ्या पीएचडीचा विषय. विषय सांगितला की समोरचा लगेच लिपिड प्रोफाइलवर जातो, एलडीएल किती, एचडीएल किती, पण मी रक्तातल्या आकड्यांवर काम करत नाही, मी बघते ते पेशीच्या आत काय चाललंय ते, म्हणजे पेशी कोलेस्टेरॉल आत कशी घेते, कुठे ठेवते आणि जास्त झालं की बाहेर कसं टाकते. हे काम ऑपरेशन थिएटरच्या दारापासून ते कॉम्प्युटरवरच्या ग्राफपर्यंत प्रत्यक्षात कसं चालतं ते लिहून काढायचं बरेच दिवस मनात होतं, कारण पेपरमध्ये मेथड्सच्या दोन परिच्छेदांत जे उरकलेलं असतं ना, खरी मेख तिथेच असते.

आधी थोडं बायोलॉजी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कुठल्याही पेशीला कोलेस्टेरॉल लागतंच, तिचं आवरण त्याशिवाय टिकत नाही. ते मिळवायचे रस्ते दोन, स्वतः बनवायचं नाहीतर रक्तातले एलडीएलचे कण आत ओढायचे. ओढायचं काम एलडीएल रिसेप्टरचं, जीनचं नाव एलडीएलआर, ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं ते याच साखळीवरच्या कामासाठी. कण आत गेला की लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या कप्प्यात, फुटतो आणि तिथून कोलेस्टेरॉल पुढे सोडायला एनपीसी१ आणि एनपीसी२ ही जोडी लागते. जास्तीचं झालं तर एबीसीए१ आणि एबीसीजी१ हे पंप ते पेशीबाहेर काढून देतात, एक एपीओए१ या एचडीएलच्या मुख्य प्रोटीनला आणि दुसरा एचडीएलला. एबीसीए१ च्या दोन्ही प्रती बिघडल्या तर टँजिअर डिसीज होतो, अमेरिकेत व्हर्जिनियाजवळ टँजिअर नावाचं बेट आहे तिथल्या भावंडांत तो पहिल्यांदा ओळखला गेला, त्या मुलांचे टॉन्सिल चक्क नारिंगी दिसायचे कारण कोलेस्टेरॉलला पेशीतून बाहेर पडायला वाटच नाही. या सगळ्यामागे एबीसीए१ आहे हे कळायला मात्र १९९९ उजाडलं.

आणि या सगळ्यावर देखरेख ठेवणारे दोन मुख्य स्विच. पेशीत कोलेस्टेरॉल कमी पडलं की एसआरईबीपी२ नावाचं प्रोटीन कापलं जाऊन न्यूक्लियसमध्ये जातं आणि एलडीएलआर वाढवतं, जास्त झालं की ऑक्सिस्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉलचीच ऑक्सिजन जोडलेली रूपं, तयार होतात, ते एलएक्सआर या दुसऱ्या स्विचला जागं करतात आणि एलएक्सआर एबीसीए१, एबीसीजी१ वाढवतो. मला यातली सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट म्हणजे एसआरईबीपी२ च्या जीनच्या पोटातच मायक्रोआरएनए ३३ नावाचा, इतर जीन्सना आवरणारा छोटा आरएनए लपलेला आहे, जो एबीसीए१ ला दाबतो. म्हणजे आत घ्यायचं दार उघडायचा हुकूम निघतो तेव्हा बाहेर टाकायचं दार बंद करायचा हुकूम त्याच जीनमधून निघतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हाच ठरवलं की काम करायचं तर यावरच.

पण एंडोमेट्रियमच का? एक तर हा कॅन्सर आणि लठ्ठपणा यांचं नातं फार घट्ट आहे. पाळी गेल्यावर ओव्हरीतून येणारं इस्ट्रोजेन जवळपास थांबतं, पण चरबीतलं अरोमाटेज एन्झाइम दुसऱ्या हार्मोन्सपासून इस्ट्रोजेन बनवत राहतं, आणि जोडीला प्रोजेस्टेरॉनचा लगाम नसला की अस्तर वाढत राहतं. आता हे सगळे हार्मोन मुळात कोलेस्टेरॉलपासूनच बनलेले. शिवाय २७-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल म्हणून कोलेस्टेरॉलचंच एक रूप आहे ते थेट इस्ट्रोजेन रिसेप्टरला जाऊन चिकटतं, ब्रेस्ट कॅन्सरच्या गाठी त्याने वाढतात हे उंदरांवर २०१३ मध्ये दाखवलं गेलं. आणि तिसरं, जे माझ्या गाइडना जास्त महत्त्वाचं वाटतं, ते पीटीईएन, पेशीच्या वाढीला आवर घालणारा जीन. एंडोमेट्रिऑइड या सगळ्यात जास्त दिसणाऱ्या प्रकारच्या बहुतेक ट्यूमरमध्ये हा जीन बिघडलेला असतो, आणि पीटीईएन गेला की पीआय३के-एकेटी हा पेशीला वाढायला सांगणारा संदेशांचा रस्ता मोकाट सुटतो. मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या कॅन्सरमध्ये हाच रस्ता एसआरईबीपी ला चेतवून एलडीएलआर वाढवतो हे माहितीय. मग गर्भपिशवीत काय होतं, हा आमचा प्रश्न.

एथिक्स कमिटीचं फार लिहीत नाही, फाइल जाते, प्रश्न येतात, उत्तरं द्यायची, परत जाते. आयसीएमआर च्या माणसांवरच्या संशोधनासाठीच्या २०१७ च्या गाइडलाइन्स मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा, कमिटीसाठी नाही, स्वतःसाठी, कारण पेशंटसमोर तुम्हीच बसणार असता. संमतीपत्र तिला समजेल अशा भाषेत हवं ही अट तिथे आहे आणि ती कागदावर पूर्ण करणं सोपं आहे, वॉर्डात पूर्ण करणं वेगळं.

एक मावशी आठवतात, सातारा साइडच्या, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. मी खाली स्टुलावर बसले आणि सांगायला लागले, मावशी, उद्या पिशवी काढणारच आहेत, ती तपासणीला जाते, तपासणीचं सगळं झाल्यावर त्यातला एक छोटा तुकडा आम्हाला अभ्यासाला हवाय, तुम्ही नाही म्हणालात तरी उपचारात काडीचा फरक पडणार नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मंग त्यानं माजं औषद बदलनार का?" म्हटलं, नाही मावशी, तुमचं नाही बदलणार, हे पुढच्या बायकांसाठी. हे वाक्य बोलायला मला दर वेळी जड जातं पण ते स्पष्ट बोललंच पाहिजे, गोलमाल बोलून घेतलेली सही मला नको. मग त्यांनी खरा प्रश्न काढला, "कोलेस्टॉल म्हनतीस, म्हंजी म्या तूप खाल्लं म्हनून झालं का गं ह्ये?" सूनबाई शेजारी उभी होती, तिच्याही चेहऱ्यावर तोच प्रश्न.

मी सांगितलं, नाही. घरावरच्या पाण्याच्या टाकीला कसं, पाणी आत येणारा पाइप वेगळा, ओव्हरफ्लोचा वेगळा आणि मध्ये फ्लोट, गावात पाणी किती आलं यापेक्षा तुमच्या टाकीचा फ्लोट नीट चालतो का यावर टाकी भरते, आम्ही पेशीतले ते पाइप आणि फ्लोट बघतोय, तुमच्या ताटातलं तूप नाही. मावशी म्हणाल्या, "आमच्या टाकीचा फ्लोट कवाच मोडलाय," आणि हात पुढे केला सहीसाठी. वजन आणि शुगर यांचा संबंध आहे ते डॉक्टर सांगतीलच, पण स्वतःच्या खाण्याला दोष देत बाईनं थिएटरमध्ये जावं हे मला पटत नाही.

त्याच बैठकीत एक महत्त्वाचं काम उरकायचं, गोळ्यांची पिशवी बघायची. प्रत्येकीकडे एक कॅरीबॅग असतेच, त्यात मेटफॉर्मिन, बीपीची गोळी आणि अर्ध्या जणींकडे ॲटोरव्हास्टॅटिन. स्टॅटिन काय करतं, पेशीत कोलेस्टेरॉल बनवणारं एन्झाइम अडवतं, पेशीला वाटतं तुटवडा आहे, एसआरईबीपी२ जागा होतो आणि एलडीएलआर वर जातो, लिव्हरमध्ये तर ते व्हावं म्हणूनच गोळी देतात. म्हणजे मी जो जीन मोजणार त्यालाच हलवणारी गोळी पेशंट घेतेय. केसपेपरवर "नोन डायबेटिक" एवढंच लिहिलेलं असतं, गोळीचं नाव नसतं, म्हणून स्ट्रिप हातात घेऊन नाव, डोस आणि कधीपासून हे मी स्वतः लिहून घेते.

आणखी एक, विषयाला सोडून वाटेल पण लिहिणारच. यातल्या बहुतेक बायका आधी घरात खूप थांबलेल्या असतात. पाळी जाऊन वर्षं झालेली, मग अंगावरून थोडं लाल गेलं, तर उष्णता असेल, वजन उचललं असेल, असं म्हणून महिने काढतात. पाळी गेल्यावर रक्ताचा एक डाग दिसला तरी गायनॅककडे जायचं, सोनोग्राफी करायची आणि त्यांनी सांगितलं तर अस्तराचा तुकडा तपासायला द्यायचा. बहुतेक वेळा काही निघत नाही, पण हा कॅन्सर जेव्हा असतो तेव्हा बहुतेकींना तो अशाच रक्तानं आधी कळवतो आणि लवकर सापडला तर ऑपरेशनने बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते.

आता सॅम्पल. पिशवी बाहेर आली की आरएनए, म्हणजे जीन किती चालू आहे हे ज्यावरून मोजतो तो त्याचा निरोप, तुटायला सुरुवात होते, म्हणून बर्फाचा डबा घेऊन थिएटरबाहेर उभं राहायचं आणि फोन आला की पॅथॉलॉजीत पळायचं. तिथे आधी त्यांचं काम. रेसिडेंट पिशवी उघडते, ट्यूमर स्नायूत किती खोल गेलाय ते बघते, फोटो काढते, त्यांना लागणारे ब्लॉक घेते, आणि मगच मला तुकडा मिळतो, हा क्रम कधीही बदलायचा नाही कारण पेशंटचं स्टेजिंग, म्हणजे कॅन्सर किती पसरलाय ते ठरवणं, माझ्या पीएचडीपेक्षा मोठं आहे. ट्यूमर बहुधा करडा-पांढरट, ओलसर, चिमट्याने धरला तर सुटून येणारा, आणि त्याच्या बाजूचा भाग गुलाबी, गुळगुळीत. मी घेतलेल्या तुकड्याचे तिथेच दोन भाग करते, एक आरएनएलेटर या आरएनए टिकवणाऱ्या द्रवात, पाच मिलिमीटरपेक्षा जाड ठेवायचा नाही नाहीतर द्रव आतपर्यंत पोचत नाही, आणि दुसरा फॉर्मेलिनमध्ये, त्याची स्लाइड बनते. ही स्लाइड, ट्यूबमधल्या तुकड्याचं जणू आरशातलं प्रतिबिंब, म्हणजे या सगळ्या कामाचा कणा आहे. त्यावरून पॅथॉलॉजिस्ट मॅडम सांगतात की तुझ्या ट्यूबमध्ये ट्यूमर किती, स्ट्रोमा, म्हणजे आधार देणाऱ्या पेशी, किती, स्नायू किती आणि मेलेला भाग किती.

आणि इथेच तो प्रश्न येतो ज्यावर आमच्या लॅबमध्ये सगळ्यात जास्त वाद झालेत. कॅन्सरमध्ये अमुक जीन कमी झाला असं म्हणताना तो कशाच्या तुलनेत कमी झाला? नॉर्मल म्हणून आमच्याकडे तीन गोष्टी येऊ शकतात. एक, त्याच पिशवीतला ट्यूमरच्या बाजूचा भाग. दोन, फायब्रॉइडसाठी पिशवी काढली त्या बायकांचं अस्तर, पण त्यांची पाळी चालू असते, त्यामुळे अस्तर महिन्याच्या कुठल्या दिवशी निघालं त्यावर ते पूर्ण वेगळं असतं. तीन, अंग बाहेर येतं (प्रोलॅप्स) म्हणून ऑपरेशन झालेल्या वयस्कर बायका, वयाने त्या आमच्या पेशंटशी जुळतात, पण पाळी गेल्यावरचं अस्तर इतकं पातळ की ब्लेडने हलकेच खरवडून काढावं लागतं, जरा हात जड पडला की खालचा स्नायू सोबत येतो आणि जरा हलका पडला की ट्यूबमध्ये काहीच नाही.

ट्यूमर म्हणजे मुख्यतः ग्रंथींच्या पेशी, एपिथेलियम. बाजूचा नॉर्मल भाग म्हणजे थोडं एपिथेलियम, बराच स्ट्रोमा, खाली स्नायू. आता एबीसीए१ हा काय फक्त एपिथेलियममध्ये असतो का, तर नाही, मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या पेशींमध्ये तो भरपूर असतो आणि इतर पेशींतही कमीजास्त असतोच. मग दोन ट्यूबमध्ये फरक दिसला तर तो कॅन्सरमुळे दिसला की पेशींच्या मिश्रणामुळे? म्हणून प्रत्येक सॅम्पलमध्ये आम्ही कोलेस्टेरॉलच्या जीन्ससोबत ईपीसीएएम मोजतो, तो एपिथेलियमचा, आणि डेस्मिन मोजतो, तो स्नायूचा. ज्या नॉर्मल ट्यूबमध्ये डेस्मिन ढीगभर आणि ईपीसीएएम नावाला, ती ट्यूब अस्तराची नाहीच, ती स्नायूची आहे, मग तिच्यात आरएनए कितीही छान असो, ती या तुलनेतून बाहेर. सॅम्पल टाकून देताना पोटात तुटतं, त्यामागे एका बाईची सही असते, पण ती ठेवून चुकीचं काही छापणं म्हणजे त्या सहीचा जास्त मोठा अपमान आहे असं मला मनापासून वाटतं. (फेकत नाही अर्थात, बाजूला जपून ठेवतो, दुसऱ्या प्रश्नाला उपयोगी पडतात.)

आरएनए काढणं, त्यापासून सीडीएनए ही डीएनएची प्रत बनवणं आणि क्यूपीसीआर मशीनवर ती मोजणं हे करणाऱ्यांना माहितीच आहे म्हणून भराभर सांगते. ट्रायझॉल, क्लोरोफॉर्म ही रसायनं घालून थर वेगळे करायचे, वरचा थर उचलताना मधल्या पांढऱ्या थराला टिप लावायची नाही, आरएनए किती शाबूत आहे ते सांगणारा आकडा आरआयएन ७ च्या खाली आला तर पुढे जायचं नाही. सीटी, म्हणजे मशीनला कितव्या फेरीत सिग्नल दिसला तो आकडा, एकाने कमी म्हणजे आरएनए साधारण दुप्पट, हे डोक्यात पक्कं ठेवायचं. आणि हाऊसकीपिंग, म्हणजे तुलनेसाठी स्थिर धरलेला जीन, म्हणून नुसता जीएपीडीएच घ्यायचा नाही, तो साखर जाळण्याच्या साखळीतला जीन आहे, ट्यूमरमध्ये तो स्वतःच हलतो, त्यामुळे आधी चार-सहा जीन्स तपासून त्यातले स्थिर निघतील ते एकत्र वापरायचे.

टिश्यूमध्ये इतके घटक एकदम हलतात की कारण-परिणाम कळणं अवघड, म्हणून दुसरीकडे सेल लाइनवर, म्हणजे डिशमध्ये वाढत राहणाऱ्या पेशींवर, काम. आम्ही इशिकावा पेशी वापरतो, १९८० च्या दशकात जपानमध्ये एका ३९ वर्षांच्या बाईच्या ट्यूमरमधून वाढवलेल्या, यांच्यात इस्ट्रोजेन रिसेप्टर असतो म्हणून या विषयाला जुळतात. आल्या आल्या एसटीआर प्रोफाइल, म्हणजे डीएनएवरून ओळख, करून त्या खरंच त्याच आहेत का बघायचं आणि मायकोप्लाझ्मा हा लपून राहणारा जंतू तपासायचा, यात कंजुषी करायची नाही. आणि मीडियम, म्हणजे पेशी वाढवायचं द्रव, बिना फिनॉल रेडचं, कारण तो लाल रंग घातलेलं मीडियम इस्ट्रोजेनसारखं वागतं हे १९८६ मध्येच दाखवलं गेलंय. इस्ट्रोजेन काढायला लोक चारकोलने धुतलेलं सीरम वापरतात, पण चारकोल चरबीच्या काही गोष्टीही ओढून घेतो, म्हणजे इस्ट्रोजेनचा प्रयोग करायला गेलात तर नकळत थोडा लिपिडचाही प्रयोग होतो. आमच्यासारख्यांना हे फार जपावं लागतं, म्हणून कंट्रोलच्या डिशेस पण त्याच सीरमच्या, त्याच बॅचच्या.

पहिला प्रयोग पुस्तकी असतो आणि तो करायलाच हवा, कारण स्विच चालतोय हे दिसल्याशिवाय पुढचं काही खरं नाही. लायपोप्रोटीन, म्हणजे एलडीएल-एचडीएलसारखे कण, काढलेल्या सीरममध्ये पेशी वाढवल्या की त्यांना बाहेरून कोलेस्टेरॉल मिळत नाही, आणि एलडीएलआर वर गेला. २५-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल हे ऑक्सिस्टेरॉल दिलं, एलडीएलआर खाली, एबीसीए१ वर. एलएक्सआर ला जागं करणारं टी०९०१३१७ दिलं की एबीसीए१ ची सीटी अशी सर्रकन खाली आली की मशीनसमोर मी आणि माझी ज्युनिअर दोघी टाळ्या वाजवायला लागलो. जे जगभर माहितीय तेच होतं, तरी आपल्या हाताने आपल्या डिशमध्ये झालं याचा आनंद वेगळाच.

फिलिपिनचं स्टेनिंग पण सांगते, ते मला सगळ्यात आवडतं. फिलिपिन मोकळ्या कोलेस्टेरॉलला चिकटतं आणि यूव्ही प्रकाशात निळं दिसतं, पण काही सेकंदांत विझायला लागतं, त्यामुळे फोकस शोधायचा एका कोपऱ्यात आणि फोटो घ्यायचा दुसरीकडे, जिथे प्रकाश पडलेला नाही तिथे. नेहमीच्या पेशीत कडेला निळी रेघ आणि आत थोडं. यू१८६६६ए हे रसायन दिलं की एनपीसी१ अडतो, कोलेस्टेरॉल लायसोसोममधून बाहेर येत नाही आणि न्यूक्लियसभोवती निळ्या ठिपक्यांचा गच्च पुंजका दिसतो. आणि गंमत बघा, पेशीत एकूण कोलेस्टेरॉल भरपूर असूनही ते जिथे मोजलं जातं तिथपर्यंत पोचत नाही, म्हणून पेशी तुटवडा समजून एलडीएलआर वाढवतच राहते. रक्ताचा एक आकडा बघून ट्यूमरच्या आतलं का सांगता येत नाही ते या एका स्लाइडवर दिसतं.

तिसरी बाजू टीसीजीए या अमेरिकेतल्या कॅन्सर जीनोम प्रकल्पाचा डेटा, फुकट आहे, कुणीही उतरवून घेऊ शकतं, लॅब नसलेल्या कॉलेजच्या मुलामुलींनी तर जरूर वापरावा. २०१३ मध्ये नेचरमध्ये ३७३ एंडोमेट्रियल ट्यूमरचा अभ्यास आला आणि त्यात चार गट पडले, पीओएलई जीन बदललेले, मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) अस्थिर असलेले, कॉपी नंबर (डीएनएच्या भागांच्या प्रतींची संख्या) कमी बदललेले आणि कॉपी नंबर खूप बदललेले, ज्यात पी५३ हा कॅन्सर रोखणारा जीन बिघडलेला असतो आणि जे जास्त आक्रमक असतात. फिगो या गायनॅक डॉक्टरांच्या जागतिक संघटनेच्या २०२३ च्या स्टेजिंगमध्ये या वर्गीकरणाला जागा मिळाली. म्हणून एबीसीए१ किंवा एलडीएलआर बघताना सगळे ट्यूमर एका खोक्यात टाकले तर मला ते बरोबर वाटत नाही, पीटीईएन गेलेला एंडोमेट्रिऑइड आणि पी५३ गेलेला सीरस प्रकारचा ट्यूमर यांचं कोलेस्टेरॉलचं गणित सारखं असेल असं आधीच का धरायचं?

आणि तिथेही नॉर्मलचा प्रश्न सुटत नाही. आरएनए सिक्वेन्सिंगमध्ये ट्यूमर साडेपाचशेच्या आसपास आणि नॉर्मल फक्त ३५. ऑनलाइन टूलमध्ये जीनचं नाव टाकलं की दोन बॉक्स आणि वर फरक ठळक असल्याची खूण म्हणून तीन तारे येतात, त्या ताऱ्यांवर पोस्टर बनतात. नॉर्मल वाढवायला जीटीईएक्स या कॅन्सर नसलेल्या टिश्यूंच्या डेटाबेसमधले गर्भपिशवीचे सॅम्पल जोडतात, पण त्यांच्या पोर्टलवर त्या तुकड्यांच्या स्लाइडचे फोटो ठेवलेले आहेत, ते उघडून बघा, बऱ्याच ठिकाणी स्नायूच स्नायू आहे. ग्राफ काढण्याआधी त्याच डेटातून डेस्मिन आणि ईपीसीएएम काढून बघायला पाच मिनिटं लागतात. प्रोटीनच्या बाजूने बघायचं तर सीपीटीएसी या कॅन्सरमधली प्रोटीन मोजणाऱ्या प्रकल्पाचा २०२० चा डेटा आहे, ९५ ट्यूमरचा, आरएनए वर गेला म्हणजे प्रोटीन वर गेलंच असं नसतं, त्यात एलडीएलआर चं प्रोटीन बनल्यावर तर आयडॉल आणि पीसीएसके९ ही दुसरी दोन प्रोटीन ते मोडायला लावतात, त्यामुळे हे दोन्ही शेजारी ठेवूनच वाचायचं.

आमच्या टिश्यूमध्ये सध्या जे दिसतंय ते पेशंटगणिक वेगळं आहे, मिश्रणाचा हिशोब धरल्यावर काही जोड्यांमधला फरक जवळपास निघून गेला आणि काहींमधला टिकला, आणि टिकलेल्यांवरच आता लक्ष आहे. त्यासाठी स्लाइडवरून लेझरने फक्त ग्रंथींच्या पेशी कापून घ्यायचं ठरलंय, ट्यूमरमधल्या आणि प्रोलॅप्सवाल्या बायकांच्या अस्तरातल्या, म्हणजे एपिथेलियमची तुलना एपिथेलियमशीच होईल. आरएनए अगदी कणभर मिळेल, त्यामुळे जीन्सची यादी छोटी करावी लागली, एलडीएलआर, एबीसीए१, एबीसीजी१, एनपीसी१, एससीएआरबी१ (एचडीएलच्या रिसेप्टरचा जीन) आणि दोन्ही एलएक्सआर एवढे ठेवलेत, स्टॅटिन घेणाऱ्या बायकांचा गट वेगळा काढलाय, आणि शेजारच्याच स्लाइडवर एबीसीए१ चं अँटिबॉडी स्टेनिंग पॅथॉलॉजिस्ट मॅडम नाव-गट काही न बघता वाचणार आहेत.